कॉन्फरन्सचा विस्तार आणि साउथ फ्लोरिडा: आपल्याला बोलावणं कधी, कुठून आणि कितीला?

बुल्सप्रेमी

कॉलेज फुटबॉलच्या धाग्यांवर हा विषय तुकड्या-तुकड्यांत येतो, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाची, म्हणजे टॅम्पातल्या यूएसएफची (टीमचं नाव बुल्स), बाजू आधी मांडते. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट.

२००५ ते २०१२ यूएसएफ बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये होती. २००७ मध्ये देशाच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मग वेस्ट व्हर्जिनिया, सिराक्यूज, पिट्सबर्ग, लुइव्हिल, रटगर्स हे सगळे एकेक करून बाहेर पडले आणि २०१३ पासून आपण अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आहोत. २०२१ मध्ये बिग १२ या मोठ्या कॉन्फरन्सने याच अमेरिकनमधून यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा), सिनसिनाटी आणि ह्यूस्टन यांना उचललं. आपण राहिलो.

तेव्हा आपल्याकडे नव्हत्या अशा दोन गोष्टी आता आहेत. २०२३ मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीजचं, म्हणजे संशोधनात आघाडीवरच्या विद्यापीठांच्या एएयू या संघटनेचं, सभासदत्व मिळालं. आणि ३५,००० आसनांचं स्वतःचं स्टेडियम कॅम्पसवर उभं राहतंय, २०२७ च्या हंगामासाठी. मैदानावरही २०२५ ची सुरुवात बॉइसी स्टेटवर ३४-७ आणि गेन्सव्हिलला जाऊन युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडावर १८-१६ अशी केली. टॅम्पा-सेंट पीटर्सबर्ग हे देशातल्या पहिल्या पंधरांतलं टीव्ही मार्केट आहे.

माझ्या मते बिग १२ किंवा एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) यांतल्या एकाचं बोलावणं २०३० च्या आत यायला हवं. आकडे माहीत असलेल्यांनी लिहावं. नुसतं 'होईल हो' नको.

विदर्भवीर

मी या खेळात नवा आहे. रणजीत प्लेट गटात वर आलं की एलिट गटात जाता येतं. इथे जिंकून वर जायची सोय नाही का?

हिशेबनीस

विदर्भवीर, अजिबात नाही. कॉन्फरन्स ही सभासद विद्यापीठांनीच चालवलेली संस्था आहे. नवा सभासद घ्यायचा तर जुने सभासद मतदान करतात आणि मत देण्याआधी प्रत्येक अध्यक्ष एकच गोष्ट बघतो: माझा चेक वाढणार की घटणार. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीवरच्या सामन्यांवरची एनसीएएची (कॉलेज खेळांच्या देशव्यापी नियामक संस्थेची) मक्तेदारी मोडली. तेव्हापासून सामने विकायचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आला. पुढचं सगळं त्यातूनच निघालंय.

आता बुल्सप्रेमींच्या प्रश्नाकडे. बिग १२ चा ईएसपीएन आणि फॉक्सशी करार २०३०-३१ पर्यंत आहे. एकूण २.२८ बिलियन डॉलर, सहा वर्षं, प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३१.७ मिलियन (पुढचे सगळे आकडेही डॉलरमध्ये). या करारात एक कलम होतं: दुसऱ्या पॉवर कॉन्फरन्समधलं, म्हणजे मोजक्या बड्या कॉन्फरन्सपैकी एकीतलं, विद्यापीठ आलं तर त्याच्यासाठी तेवढाच वाढीव हिस्सा ईएसपीएन देणार. २०२३ मध्ये कोलोरॅडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा आले ते या जोरावर. अमेरिकनमधून येणाऱ्याला हे कलम लागू नाही. तिथे नवं पान वाढलं तरी भात तेवढाच.

ढोबळ गणित असं. १६ गुणिले ३१.७ म्हणजे ५०७ मिलियन. तेच १७ जणांत वाटले तर २९.८. प्रत्येकाचे जवळजवळ १.९ मिलियन दरवर्षी कमी. 'आम्ही टीव्हीचा हिस्साच घेत नाही' असं म्हटलं तरी प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या राष्ट्रीय विजेतेपद स्पर्धेचा) पैसा उरतो. २०२६ पासून ईएसपीएन प्लेऑफसाठी वर्षाला सरासरी १.३ बिलियन देणार आहे. त्यातले १४.७ टक्के बिग १२ चे, म्हणजे १९१ मिलियन. १६ जणांत ११.९, १७ जणांत ११.२. इथेही माणशी ०.७ मिलियनची कात्री.

विस्ताराला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे १६ पैकी १२. पाच जण नको म्हणाले की विषय संपला. यूसीएफला शेजारी दुसरं फ्लोरिडाचं विद्यापीठ हवंय का, हा प्रश्न त्या पाचांत मोजायला घ्या.

कोकणकडा

मेम्फिसचं उदाहरण याच जागी बसतं. २०२५ च्या उन्हाळ्यात मेम्फिसने बिग १२ ला प्रायोजकांच्या पैशांसकट मोठा प्रस्ताव दिल्याची आणि पाच वर्षं टीव्हीचा हिस्सा न घेण्याची तयारी दाखवल्याची बातमी होती. तरी दार उघडलं नाही.

बुल्सप्रेमी

मेम्फिस एएयूमध्ये नाही आणि त्याचं मार्केट टॅम्पाहून बरंच लहान आहे. फरक पडतोच की!

हिशेबनीस

एएयूचा फरक बिग टेनमध्ये पडतो. तिथे नेब्रास्का सोडून सगळे सभासद एएयूचे आहेत, आणि नेब्रास्काही २०११ पर्यंत होती. पण बिग टेन आपल्याला घेणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. बिग १२ ने २०२१ मध्ये घेतलेल्या चौघांपैकी, ब्रिगम यंग धरून, कोणीच एएयूमध्ये नव्हतं. एसीसीमध्ये अध्यक्षांच्या चर्चेत तो मुद्दा वजनदार ठरतो, म्हणून तो कागद तिकडे वापरायचा.

आता मार्केटबद्दल. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये गेले तेव्हा हिशेब केबलचा होता. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या परिसरात बिग टेन नेटवर्क मूळ पॅकेजमध्ये शिरलं की त्या भागातल्या प्रत्येक केबलधारकाकडून दरमहा पैसे मिळत, त्याने सामना पाहो वा न पाहो. केबल कापली जाऊ लागली तसं हे गणित मोडलं. आता वाहिन्या विचारतात, तुमच्या सामन्याला देशभरात किती प्रेक्षक बसतात? टॅम्पात लाखो टीव्ही आहेत, पण त्यांतले बहुतेक शनिवारी फ्लोरिडा, फ्लोरिडा स्टेट नाहीतर मायामी लावतात. आपली खरी कसोटी ती आहे. एसईसीचा (साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा) विषयही इथेच संपतो. फ्लोरिडा राज्य त्यांच्याकडे गेन्सव्हिलमधून आधीच आहे.

क्लेम्सनवाली

बुल्सप्रेमीताई, बिग १२ सोडा, एसीसीकडे बघा. तुमचं भवितव्य आमच्या एक्झिट फीच्या (कॉन्फरन्स सोडताना भरायच्या रकमेच्या) तक्त्यात लिहिलेलं आहे.

मागची गोष्ट थोडक्यात. एसीसीच्या सभासदांनी 'ग्रँट ऑफ राइट्स'वर सह्या केल्या होत्या, म्हणजे आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत कॉन्फरन्सच्या नावावर करून दिले होते. एखादा सभासद निघून गेला तरी त्याच्या मैदानावरचे सामने विकायचा हक्क एसीसीकडेच राहणार. मग कोणती नवी कॉन्फरन्स असल्या रिकाम्या हाताने आलेल्याला घेईल? फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये खटला भरला तेव्हा बाहेर पडायचा एकूण खर्च ५७२ मिलियन दाखवला होता. मार्च २०२४ मध्ये क्लेम्सननेही खटला भरला.

मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. टीव्हीच्या पैशाचा ६० टक्के भाग आता गेल्या पाच वर्षांच्या प्रेक्षकसंख्येवरून वाटला जातो, उरलेला ४० टक्के समान. आणि एक्झिट फी भरली की हक्क विद्यापीठाकडे परत येतात. फीचा तक्ता असा: २०२५-२६ मध्ये १६५ मिलियन, त्यानंतर दरवर्षी १८ ने कमी, म्हणजे १४७, १२९, १११, ९३ आणि २०३०-३१ ला ७५. मग ती तिथेच थांबते.

आता बाकीची कॅलेंडरं शेजारी ठेवा. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी करार २०२९-३० ला संपतो. बिग १२ चा २०३०-३१ ला. प्लेऑफचा २०३१-३२ ला. एसीसीतून निघणं सगळ्यात स्वस्त होतं तेही २०३०-३१ ला. हे सगळं दोन वर्षांच्या पट्ट्यात येतंय. तोवर मोठी हालचाल करणं कोणालाच परवडत नाही. त्या वेळी फ्लोरिडा स्टेट आणि आम्ही निघालो, तर एसीसीला फ्लोरिडात मायामीच्या जोडीला कोणीतरी लागेल. तुमची जागा असलीच तर ती.

विदर्भवीर

पण मग स्टॅनफर्ड, कॅल (बर्कली) आणि एसएमयू (डॅलसची सदर्न मेथडिस्ट) यांना एसीसीने २०२३ मध्येच कसं घेतलं? पैसे तेव्हाही तेवढेच होते ना?

क्लेम्सनवाली

नव्हते, तीच तर मेख आहे. ईएसपीएनच्या करारानुसार नव्या सभासदामागे पूर्ण हिस्सा मिळणार होता. स्टॅनफर्ड आणि कॅल पहिली सात वर्षं साधारण ३० टक्क्यांवर तयार झाले, एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचा हिस्साच सोडला. वरचा फरक जुन्या सभासदांत वाटायला मिळाला. तेव्हा १५ मतांपैकी १२ लागत होती. क्लेम्सन, फ्लोरिडा स्टेट, नॉर्थ कॅरोलायना आणि एनसी स्टेट विरोधात होते. शेवटी एनसी स्टेटने बाजू बदलली आणि १२-३ ने ठराव झाला. एक मत फिरलं नसतं तर स्टॅनफर्ड आज कुठे असतं, विचार करा. आता नोत्र दाम (फुटबॉल सोडून बाकी खेळांत सभासद) धरून १८ मतं आहेत, म्हणजे १४ लागतील.

कोर्व्हॅलिसकर

ओरेगन स्टेटच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण 'थांबू, बघू' म्हणणाऱ्यांचं काय होतं ते आमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेनला गेल्याचं जाहीर झालं आणि पॅक-१२ च्या, म्हणजे पश्चिमेकडच्या आमच्या कॉन्फरन्सच्या, करारातून लॉस एंजेलिस निघून गेलं. तेव्हा ईएसपीएनकडून प्रत्येकी ३० मिलियनच्या आसपासचा देकार होता. अध्यक्षांना ५० हवे होते. वाटाघाटी लांबल्या, दरम्यान बिग १२ ने आपला करार आधीच उरकून टाकला आणि वाहिन्यांकडचा पैसा आणि वेळा दोन्ही भरल्या. शेवटी हातात उरला ॲपलचा स्ट्रीमिंगचा देकार, हमी कमी आणि बाकीचं वर्गणीदारांच्या संख्येवर. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग १२ मध्ये. ओरेगनने बिग टेनच्या पूर्ण हिश्शाच्या निम्म्याच्या आसपास, ३० मिलियनवर होकार दिला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल गेले. आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट, दोघेच उरलो. शंभराहून अधिक वर्षांची कॉन्फरन्स चौदा महिन्यांत रिकामी झाली. याचं दुःख अजून आहे आणि ते राहील.

यूएसएफसाठी यातला धडा असा की आधी करार, मग सभासद. ज्या कॉन्फरन्सचा करार सहीविना आहे तिच्यात जाऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या नव्या पॅक-१२ ने मेम्फिस, तुलेन, यूएसएफ आणि यूटी सॅन अँटोनियो यांना विचारलं होतं. तुम्ही चौघांनी मिळून नाही म्हटलं. आमच्या दृष्टीने वाईट झालं, पण तुमच्या बाजूने ते बरोबर होतं: हाती टीव्हीचा करार नव्हता, अमेरिकनची एक्झिट फी होती, आणि टॅम्पाहून पुलमनला (वॉशिंग्टन स्टेटच्या गावी) व्हॉलीबॉलची टीम पाठवायची होती.

सुमेधा_टॅम्पा

प्रवासाचा मुद्दा कोर्व्हॅलिसकरांनी काढला ते बरं झालं. सगळी चर्चा फुटबॉलवर चालते, पण टीम फक्त फुटबॉलची नसते. फुटबॉलच्या बाहेरगावच्या पाच-सहा फेऱ्या चार्टर विमानाने होतात. सॉफ्टबॉल, सॉकर, टेनिस, व्हॉलीबॉल यांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. तीन टाइम झोन ओलांडून परत आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला बसते. स्टॅनफर्ड आणि कॅलची मुलं आज हेच करताहेत. म्हणून यूएसएफला बोलावणं आलं तर ते एसीसीचं यावं असं मनापासून वाटतं. चार्ल्सटन, रॅली, अटलांटा या पट्ट्यातला प्रवास झेपतो.

खेळांची यादीही जुळवावी लागते. महिलांचं लॅक्रॉस यूएसएफने २०२५ मध्ये सुरू केलं. एसीसी आणि बिग १२ दोन्हींकडे हा खेळ आहे. अशी तयारी आधीपासून केलेली असली की समितीसमोर बाजू भक्कम होते.

क्लेम्सनवाली

सुमेधा, चार्ल्सटनला एसीसीची टीम नाही. आमचं क्लेम्सन राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बाकी सगळ्याला अनुमोदन.

हिशेबनीस

आता 'एसएमयूसारखं फुकट जाऊ' या सूचनेचा हिशेब मांडतो, कारण ती प्रत्येक चर्चेत येते.

अमेरिकनचा ईएसपीएनशी २०३१-३२ पर्यंत करार आहे, बारा वर्षांचा, एक बिलियनचा. जुन्या सभासदाला वर्षाला ७ मिलियनच्या आसपास पडतात. प्लेऑफमधून २०२६ पासून साधारण १.८. दोन्ही मिळून ९ च्या आत. हाऊस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर भरलेल्या दाव्याच्या) तडजोडीनंतर खेळाडूंना थेट द्यायच्या रकमेची मर्यादा २०२५-२६ साठी २०.५ मिलियन आहे. म्हणजे आपली टीव्ही आणि प्लेऑफची कमाई त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. बिग १२ मध्ये हेच दोन आकडे मिळून ४४ च्या घरात जातात. दरी अशी आहे. २०२५ ची एवढी छान सुरुवात करून देणारे प्रशिक्षक ॲलेक्स गोलेश हंगाम संपताच ऑबर्नला गेले, तेही याच दरीमुळे.

आता समजा एसीसीत टीव्हीचा हिस्सा शून्य, पण प्लेऑफचा पूर्ण. १.३ बिलियनचे १७.१ टक्के म्हणजे २२२ मिलियन, आपल्याला धरून १८ फुटबॉल सभासदांत १२.३ प्रत्येकी. आपण गमावले ७, मिळवले साडेदहा. कागदावर वर्षाला साडेतीन मिलियन जास्तच. पण खेळाडूंवरचा खर्च २०.५ च्या जवळ न्यावा लागेल, नाहीतर तळाला बसू. म्हणजे वर्षाला दहाएक मिलियन दात्यांकडून, आणि तेही एकदा नाही, दरवर्षी. एसएमयूने निमंत्रणानंतर आठवड्याभरात १०० मिलियन जमवले. डॅलसमधले त्यांचे माजी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रीमंत आहेत. आपलं विद्यापीठ १९५६ मध्ये स्थापन झालेलं आणि सरकारी. निमंत्रणाची वाट बघत न बसता ही वचनं आताच लेखी घ्यायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

शिवाय जुन्या सभासदांचा प्लेऑफचा हिस्सा १३.१ वरून १२.३ वर येतो. ते विचारतील, हा फरक कोण भरणार? उत्तर तयार हवं.

बुल्सप्रेमी

स्टेडियमचा पैसा यात धरला नाही तुम्ही. रेमंड जेम्स स्टेडियममध्ये आपण बकॅनियर्सच्या घरात भाडेकरू आहोत. पार्किंग, खाद्यपदार्थ, सूट्स यांची कमाई हाती येत नाही. २०२७ पासून ती आपली.

हिशेबनीस

बरोबर, आणि त्याचं वजन पैशापेक्षा मोठं आहे. २०२१ मध्ये उचलल्या गेलेल्या यूसीएफ, ह्यूस्टन आणि सिनसिनाटी या तिघांकडेही कॅम्पसवर स्वतःचं स्टेडियम होतं. यूसीएफचं २००७ चं, ह्यूस्टनचं २०१४ चं. पण पहिली काही वर्षं ही कमाई कर्जाच्या हप्त्यांत जाईल, म्हणून ती खेळाडूंच्या खात्यात मोजायची नाही. आणि एक धोका: ६५ हजारांच्या स्टेडियमात २५ हजार प्रेक्षक रिकामे दिसतात, ३५ हजारांच्या स्टेडियमात तेच टीव्हीवर भरलेले दिसतात. पण पहिल्या दोन हंगामांत सीझन तिकिटं संपली नाहीत, तर सगळ्यात मोठा मुद्दा आपणच घालवू.

कोकणकडा

अमेरिकनची तुलेन आणि सन बेल्ट या लहान कॉन्फरन्सची जेम्स मॅडिसन, दोघीही २०२५ च्या प्लेऑफमध्ये खेळल्या. अमेरिकनमध्ये राहूनही प्लेऑफ गाठता येते. मग एवढा खटाटोप कशाला?

कोर्व्हॅलिसकर

एका वर्षाच्या प्लेऑफने बजेट चालत नाही. जागा मिळाली तरी प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक पुढच्या जानेवारीत मोठ्या कॉन्फरन्सकडे जातात. पण जिंकत राहणं गरजेचं आहे हे खरंच. दार उघडेल त्या वर्षी क्रमवारीत नसलात तर तुमची फाइल वर येणार नाही.

विदर्भवीर

निमंत्रण आलंच तर प्रत्यक्ष निघायला किती वेळ लागतो?

हिशेबनीस

अमेरिकनच्या नियमात २७ महिन्यांची नोटीस आणि १० मिलियन फी आहे. लवकर निघायचं तर भाव वाढतो: यूसीएफ, सिनसिनाटी, ह्यूस्टन यांनी प्रत्येकी १८ मिलियन भरले. एसएमयू दहा महिन्यांत निघाली, तिला २५ पडले. टेक्सस स्टेटने ३० जून २०२५ ला पॅक-१२ चा होकार दिला, कारण दुसऱ्या दिवसापासून सन बेल्टची फी ५ वरून १० मिलियन होणार होती. तारखांना एवढं महत्त्व असतं.

आपल्यासाठी उलटं मोजा. १ जुलै २०३१ ला नव्या कॉन्फरन्समध्ये असायचं तर १ एप्रिल २०२९ पर्यंत नोटीस जायला हवी. त्याआधी निमंत्रण आणि त्याआधी मतदान. म्हणजे खरी बोलणी २०२८ मध्ये, स्टेडियमच्या दुसऱ्या हंगामात. बुल्सप्रेमींचं 'बोलावणं २०३० च्या आत' हे त्यामुळे शक्यतेच्या कक्षेत आहे, पण प्रत्यक्ष प्रवेश २०३१ धरून चाला.

बुल्सप्रेमी

आणि बातमी आधी कुठे कळेल? ट्विटरवरच्या 'सूत्रां'चा कंटाळा आलाय.

क्लेम्सनवाली

फ्लोरिडात सरकारी संस्थांच्या सभा सनशाइन कायद्याखाली उघड्या असतात. फ्लोरिडा स्टेटच्या विश्वस्तांनी एसीसीवर खटला भरायचा ठराव २२ डिसेंबर २०२३ ला असाच उघड सभेत केला, कोणालाही ऐकता येत होता. यूएसएफच्या विश्वस्त मंडळाची विषयपत्रिका संकेतस्थळावर येते. तातडीची सभा, तीही टेलिफोनवर, आणि विषय 'ॲथलेटिक्स' एवढाच दिसला, की धागा वर काढा.